जाळीवरची पिशवी

बंद घरात पाणी दिसलं की माणूस आधी वर बघतो. मीही छताकडे बघितलं. छत कोरडं होतं. नळ बंद होते, नळाखालची बादली पालथीच होती. फक्त मागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या पायाशी, मोरीच्या भोकाभोवती ताटाएवढा ओला गोल होता. आणि मशीनची सांडपाण्याची नळी, जी मी गेल्या रविवारी स्वतःच्या हातानं त्या भोकात खुपसून गेलो होतो, ती कुणीतरी वर काढून मशीनच्या मागच्या हुकाला व्यवस्थित अडकवली होती.

घराला सहा दिवस कुलूप होतं.

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच अडकवली असेल, आठवत नसेल. मला विसरायची सवय नाही. अच्छाडला हायवेच्या कडेला माझं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. फाटक्या ताडपत्रीचे तुकडे जमिनीवर मांडून मी सुरुवात केली. आज पत्र्याचं का होईना, शटर असलेलं दुकान आहे, आणि ते विसरभोळ्या माणसाचं उभं राहत नाही. जुनी ताडपत्री रंगवून नवी म्हणून माझ्या गळ्यात मारणारे सगळे हसतमुख होते. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी शिवण उलटून बघतो.

आम्ही राहतो तलासरीला. डहाणूचा फ्लॅट घेतला तो मुलीसाठी. ती वापीला दिलेली, एकुलती एक. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हावं, आणि डॉक्टरीणबाई हाकेच्या अंतरावर असाव्यात, एवढ्यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या. आम्ही रविवारी यायचो, साफसफाई करायचो, आठवड्याचे कपडे धुऊन संध्याकाळी परत. विहीणबाईंनी मात्र कळवलं होतं की आधी घर बघेन, मग सुनेला पाठवीन. लग्नात याच बाईंनी चार लोकांत माझ्या धंद्याला ‘रस्त्यावरचा’ म्हटलं होतं. ते मी गिळलं होतं, पचवलं नव्हतं. मुलगी माझ्या दारात येते की नाही हे आता त्या बाईंच्या नाकावर ठरणार होतं.

बिल्डिंगमध्ये सगळे नोकरदार. शिक्षक, रेल्वेवाले, तहसीलमधले दोघे. मी जिन्यात दिसलो की नमस्कार करायचे, पण कुठल्याशा मीटिंगच्या कागदावर माझ्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीनं ‘ताडपत्री’ लिहिलेलं मी वाचलं होतं. म्हणून मशीन आणली तेव्हा सेक्रेटरीनं जो नियम काढला तो माझ्यासाठीच काढलाय, याबद्दल मला शंका नव्हती.

झालं असं. बाल्कनीच्या कोपऱ्यातूनच गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा जाड पाइप खाली जातो. मशीनपासून हातभर अंतरावर. त्याला भोक पाडून नळी जोडली की काम संपलं. सेक्रेटरी, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वर आले आणि म्हणाले की तो पाइप विहिरीशेजारच्या वाळूच्या खड्ड्यात जातो, पावसाचं पाणी विहिरीत मुरावं म्हणून. त्यात साबणाचं पाणी सोडता येणार नाही. सांडपाण्याची लाइन वेगळी, बाथरूमच्या मागे, दोन घरांमधल्या अरुंद पोकळीत, डक्टमध्ये आहे. तिथपर्यंत पाइप न्या.

मला ते पटलं नाही. ते गेल्यावर मी अर्धी बादली पाण्यात नीळ कालवून गच्चीवर ओतली आणि धावत खाली गेलो. खड्ड्यातली वाळू निळी होत होती. म्हणजे माणूस खरं बोलत होता, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

मग मी जवळच्या चिखल्याहून प्लंबर बोलावला. त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारून दाखवलं. इथे कमरेच्या खालपर्यंत एक पाइप उभा करायचा. मशीनची नळी वरून त्यात सोडायची, सैल, बाजूनं हवा राहील अशी. पाइपच्या तळाशी वाकडा तुकडा, त्यात कायम पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास तिथंच अडतो. तिथून भिंत फोडून डक्टमधल्या लाइनला जोड. त्यानं सांगितलेली मजुरी ऐकून मी हसलो. दुकानात ट्रकवाल्यांशी मी जे करतो तेच केलं. एकेक वस्तू सुटी करून विचारत गेलो, ही कशाला, ती कशाला. भिंत फोडणं काढलं, उभा पाइप काढला, वाकडा तुकडा काढला. शेवटी राहिली जमिनीवरची मोरी. तिच्या जाळीखाली प्लास्टिकची एक पालथी वाटी होती. ती असेपर्यंत नळी आत जात नव्हती.

“ही काढ,” मी म्हणालो.

“शेठ, ही वासासाठी आहे. हिच्या कडेनं पाणी राहतं.”

“पाण्याला वाट द्यायची की अडवायचं? काढ.”

त्यानं काढली. चिंधी गुंडाळून नळी भोकात घट्ट बसवून दिली आणि मजुरी घेऊन गेला. जाताना पायऱ्यांवरून म्हणाला, “काम तुमचं, नाव माझं सांगू नका.” मला वाटलं, भाव तुटला म्हणून जळतोय. ती वाटी मी दुकानात नेली. ताडपत्री शिवायची दाभणं ठेवायला बरोबर मापाची होती.

मशीन सुरू झाली ती भलतीच. पाणी भरत राहायची, भरायची थांबायची नाही, कपडे धुवायला दुप्पट वेळ. मी दुकानदाराशी भांडलो की खराब माल दिला. त्याचा मेकॅनिक आला, म्हणाला नळी फार खाली आहे, भरलेलं पाणी आपोआप निघून जातंय. प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवतो, हे मला माहीत होतं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पहिले दोन रविवार दार उघडलं की घाण वास यायचा. बायकोनं फिनेल ओतलं. तिसऱ्या रविवारी वास नव्हता. मी म्हटलं, बघ, फिनेलनं गेला. ती काही बोलली नाही. आणि त्याच रविवारी मला तो ओला गोल दिसला, हुकाला अडकवलेली नळी दिसली.

चोरी झालेली नव्हती. एक चमचाही हलला नव्हता. मग कुणी घरात शिरून करतंय काय? मला उत्तर सुचायला वेळ लागला नाही. आपली मशीन, आपलं पाणी, आपली वीज, आणि धुणं दुसऱ्याचं. नाहीतर नळीला हात लावायचं कारण काय?

निघताना मी दुकानातला बारीक शिवणदोरा मशीनच्या गोल दारावरून आडवा ताणला आणि दोन्ही टोकं मेणानं चिकटवली. पुढच्या रविवारी दोरा जसाच्या तसा होता. पण नळी हुकाला आणि मोरीभोवती ओल. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. म्हणजे मशीन कुणी उघडत नव्हतं, आणि तरी कुणीतरी येत होतं. हे जास्त वाईट होतं. चोराचं मला समजतं. येऊन काहीच न नेणारा माणूस मला समजत नाही.

एका आठवड्यात मी बायकोला आधी काही न सांगता शनिवारी दुपारीच तिला घेऊन निघालो. दार उघडून सरळ बाल्कनीत गेलो. मोरीच्या तोंडावर पाण्यानं भरलेली जाड प्लास्टिकची पिशवी ठेवलेली होती, तोंड गाठ मारून बंद केलेलं. कोंबडी बसते तशी ती त्या भोकावर बसली होती.

माझी बायको भित्री नाही, पण तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, तिला करणीबिरणीचं भय वाटलं असेल. पोटुशी मुलगी यायची त्या घरात गाठ मारलेलं पाणी कुणी आणून ठेवावं? मी त्यातला नाही. पण गाठीतला मी आहे. खाली बसून मी ती गाठ बघितली. ट्रकवाला अशी गाठ मारत नाही, त्याला सुटायला सोपी हवी. घरातल्या बायका दोनदा वेढा घालून ओढतात. ही जाळं विणणाऱ्यांची गाठ होती. एक टोक दुसऱ्याच्या पोटाखालून घेतलेलं, ओढाल तेवढं आवळणारं. दुकान नवं होतं तेव्हा वाढवणचे होडीवाले माझ्याकडून दोर न्यायचे, त्यांच्या हातची मी शेकडो वेळा पाहिली होती.

मी डक्टच्या खिडकीतून बाहेर डोकावलो. समोरच शेजारच्या बाईंचं स्वयंपाकघर. प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांच्या खिडकीबाहेरची कपड्यांची दोरी गजाला बांधलेली होती. तीच गाठ.

“बाईंचं माहेर कुठलं?” मी बायकोला विचारलं.

ती म्हणाली, वाढवण. आणि मग खाली बघून म्हणाली की किल्ली तिनंच दिली आहे, गॅसवाला आला तर असावी म्हणून. मी पुढचं ऐकून घेतलं नाही. त्याच संध्याकाळी कुलूप बदललं. बाईंना काही बोललो नाही. कुणाला पकडायचं असेल तर आधी ओरडायचं नसतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी विहीणबाई आणि जावई घर बघायला आले. मी त्यांना तलासरीहूनच भाड्याच्या गाडीत घेऊन आलो. जिन्यात मी त्यांना हवा सांगत होतो, उजेड सांगत होतो, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना किती पावलांवर ते सांगत होतो. मग दार उघडलं.

आठ दिवस बंद असलेल्या त्या घरात गटार उभं राहिलं होतं. भिंतीवरून दोन झुरळं निवांत चालली होती. विहीणबाईंनी पदर नाकाला लावला आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. जावई बिचारे खिडक्या उघडायला धावले. बाई मला वाईट काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “बघू. तिला तिकडेच बरं पडेल, असं वाटतं.” मग चहा नको म्हणाल्या. रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच, हे त्यांनी न बोलता बोलून दाखवलं.

ते गेल्यावर मी शेजारच्या बाईंच्या दारावर थाप मारली. बेल होती, पण मला थापच मारायची होती. दार उघडताच मी सुरू झालो. माझ्या घरात शिरता, काय काय ठेवता, आणि आज नेमका पाहुण्यांच्या दिवशी वास सोडता. खिडकीतून काय ओतलंत? जिन्यात वरची दोन दारं उघडली. मला तेच हवं होतं.

बाईंनी मला बोलू दिलं. शाळेत पोरांना बोलू देत असतील तसं. मग शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, मंगळवारी मी तुमच्या दारात किल्ली फिरवत उभी होते. हातात पाण्याची पिशवी. किल्ली लागेना. जिन्यातून जाणारे मला बघत होते. मला चोर कोण समजतंय, ते तेव्हा कळलं नाही, आज कळलं.”

मी म्हणालो, पिशवी कशासाठी?

“तुमच्या मोरीला झाकण नाही, म्हणून. तिथून येणारा वास डक्टमधून माझ्या चुलीवर येतो. झुरळंही येतात. तुमच्या मंडळींना सांगितलं, त्या म्हणाल्या, यांना सांगू नका, प्लंबरच्या अंगावर धावून जातील. मग तुम्ही गेलात की मीच नळी काढून पिशवी ठेवायची, दर दोन दिवसांनी बदलायची आणि तुम्ही यायच्या आधी उचलायची. तुम्हाला दिसू नये म्हणून.”

मी बायकोकडे बघितलं. ती आमच्या दारात उभी होती. फिनेलचं श्रेय मी घेतलं तेव्हा ती गप्प का राहिली, आणि पिशवी दिसल्यावर तिचा चेहरा कशानं उतरला, ते मला आता समजलं. तिला करणीचं भय नव्हतं. माझं होतं.

तरी मी हरलो नव्हतो. मी म्हटलं, नळी आत असली की भोक बंदच असतं, वास येईल कुठून? बाई आमच्या घरात आल्या, थेट बाल्कनीत. भोकातून नळी उपसून तिचं टोक माझ्यासमोर धरलं. चिंधी कुजून गळली होती. टोकाला करडा, बुळबुळीत थर होता. मग त्यांनी मशीनचं दार उघडलं आणि मला वाकायला सांगितलं. आतून गटाराचाच वास येत होता.

“नळी सांडपाण्यात बुडालेली असली की ते पाणी उलटं वर ओढलं जातं. वास तर जातोच. भाऊ, ह्यात तुम्ही बाळाची दुपटी धुणार होतात?”

मी मशीनचं दार लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी चिखल्याला फोन केला. प्लंबर म्हणाला, “शेठ, भाव करायचा असेल तर मी निघतच नाही.” मी नाही करणार म्हटलं. तो आला तेव्हा सामानाची पिशवी खाली ठेवण्याआधी पुन्हा एकदा विचारून घेतलं. भिंत फुटली, उभा पाइप आला, तळाशी वाकडा तुकडा आला. मशीनची नळी वरून सैल सोडली. इतकी सैल की मला ती अर्धवट कामासारखी वाटली. मी दोनदा म्हणालो, चिंधी तरी लाव. त्यानं दोनदा नुसतं माझ्याकडे बघितलं. डक्टमधला जोड सेक्रेटरींनी स्वतः खाली वाकून तपासला. पाऊसपाइपला भोक नाही ना, तेही बघितलं. मला मान्य आहे, मीही तेच केलं असतं.

शेवटी प्लंबरनं विचारलं, “वाटी?”

ती अच्छाडला होती. मी बस पकडून दुकानात गेलो, दाभणं चहाच्या डब्यात ओतली, वाटी खिशात घालून परत आलो. धुऊन त्यानं ती जाळीखाली बसवली, वर तांब्याभर पाणी सोडलं. पाणी तिच्या कडेनं थांबलं. एवढंच. मशीन लावली तर पाणी भरलं, भरायचं थांबलं, आणि दार उघडलं तेव्हा कपडे धुतलेले होते. त्या दुकानदाराकडे अजून मी गेलेलो नाही. जायला हवं, हे मला माहीत आहे.

नव्या कुलपाची किल्ली घेऊन मी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, आता पिशवीची गरज नाही, किल्ली कशाला? मी म्हटलं, गॅसवाला आला तर. त्यांनी घेतली. “कुलूप बदललंत तर आधी सांगा,” एवढंच म्हणाल्या.

आणि तरीही, तलासरीला निघताना, बायको खाली उतरल्यावर, मी मशीनच्या दारावर दोरा ताणला. का ते विचारू नका. शिवण उलटून बघायची सवय माणूस चांगला निघाला म्हणून जात नाही.

मुलीच्या सासरचं दार तोवर बंदच होतं. मी विहीणबाईंना फोन केला, दुरुस्ती सांगितली, त्या ‘हो का’ म्हणाल्या. त्यांच्या ‘हो का’मध्ये काय असतं ते मला कळतं, कारण विकणारा ताडपत्री चांगली आहे म्हणतो आणि मी ‘हो का’ म्हणतो तेव्हा त्यातही तेच असतं. गुरुवारी दुपारी दुकानात त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, रविवारी सुनेला घेऊन येते, सातवा लागतोय, आता उशीर नको. मी विचारलं, पण घर? त्या म्हणाल्या, बघितलं. काल आले होते, न सांगता. तुमच्या शेजारच्या बाईंनी उघडून दाखवलं, मशीनसुद्धा चालवून दाखवली. नळाचं पाणी मी स्वतः मोरीत ओतून बघितलं.

न सांगता आल्या होत्या, कुणी नसताना. मनात म्हटलं, ही बाई माझ्या धंद्यात हवी होती.

रविवारी आम्ही सकाळीच पोचलो. घराला साबणाचा वास होता. बायको दुपट्यांचं गाठोडं सोडत होती, मुलगी दुपारपर्यंत येणार होती, त्याआधी एक धुणं काढायचं होतं. मी मशीनपाशी गेलो आणि थांबलो. दोरा दारावर आडवा होता. मधोमध तुटलेला, आणि जोडलेला. जोडाला गाठ होती. एक टोक दुसऱ्याच्या पोटाखालून घेतलेलं.

म्हणजे शेजारच्या बाईंना दोरा दिसला होता. बहुतेक पहिल्या आठवड्यापासून दिसत होता.

बायकोनं हाक मारली, मशीन लावताय ना? मी दोऱ्याचं टोक नखानं पकडून ओढलं. गाठ आणखी आवळली. तो मी तोडूनही काढू शकलो असतो, मेणानं चिकटवलेला दोरा तो. पण ते बरं दिसलं नसतं, आणि बघायला कुणीतरी होतं. डक्टपलीकडच्या खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“भाऊ,” बाई म्हणाल्या, “कात्री देऊ का?”